बीडमार्गे तेर

दिवाळीच्या सुटीत वस्तुसंग्रहालय पाहायला जायचे, असे घरात जाहीर करणे हे एक धाडसच आहे. मुलांच्या डोळ्यांपुढे ताबडतोब शाळेची सहल उभी राहते : दोघादोघांची रांग, काचेला हात लावू नका, आणि शेवटी वहीत दहा ओळींचे टिपण. आईंना वाटते, एवढा खर्च करून जायचे तर एखादे देवस्थान तरी व्हावे. सौभाग्यवतींचे म्हणणे असते की सुटी म्हणजे माहेर. सुदैवाने आमच्या सौ.चे माहेर बीडचे. आईंची कुलदेवता अंबाजोगाईची योगेश्वरी. या दोन गोष्टींच्या आधारावर मी माझे तेरचे संग्रहालय बसवले आणि चार दिवसांचा बेत एकमताने मंजूर करून घेतला. मुलांचे मत कोणी विचारले नाही. पण मामाकडे जायचे म्हटल्यावर ते विचारावे लागतही नाही.

तेर हे गाव धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी आहे. धाराशिव शहरापासून वीसएक किलोमीटर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या सरकारी संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीच्या मराठवाड्याचा संसार कपाटांत मांडून ठेवला आहे. मग बीडचा संबंध काय, असे कुणीही विचारील. माझ्या मेव्हण्यानेही विचारले. “दाजी, तेर पाहायचं तर सरळ सोलापूरहून जायचं. बीडला वळसा कशाला?”

त्याला मी जे सांगितले ते इथेही सांगतो. मुंबईचे किंवा दिल्लीचे मोठे संग्रहालय असते तिथे वस्तू चोहोकडून आलेल्या असतात. गांधाराचा बुद्ध आणि चोळांचा नटराज शेजारी शेजारी उभे असतात आणि पाहणारा त्यांच्यामधून तासाभरात पार होतो. प्रदेशाच्या लहान संग्रहालयाचे तसे नसते. तिथला मणी ज्या मातीतून निघाला ती माती दाराबाहेरच पसरलेली असते. तो प्रदेश आधी पायाखाली घातला नसेल तर कपाटातली वस्तू मुकी राहते. आणि पायाखाली घालायला बीड जिल्ह्यासारखा जिल्हा नाही. कारण तेरसारखे नावाजलेले संग्रहालय त्याच्या वाट्याला आले नाही. इथली माणसे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याचे पुराणवस्तुखाते १९१४ साली निघाले, पण त्याचे घर हैदराबादला. बीडचे जे आहे ते बहुतेक जागच्या जागीच राहिले : विहिरीत, देवळात, ओढ्याकाठी, कुणाच्या तरी देवघरात.

बीड शहरात आता रेल्वेही आली आहे. अहिल्यानगरहून बीडला पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशीच, सुरू झाली. ज्यांनी तिची वाट पाहण्यात आयुष्य घालवले त्यांतले आमचे सासरे एक. आम्ही मात्र पुण्याहून एसटीनेच गेलो, कारण फराळाचे डबे एसटीच्या फळीवर बरोबर बसतात अशी सौ.ची खात्री आहे.

पहिला दिवस बीडचा. कंकालेश्वराचे देऊळ पाण्याच्या कुंडात उभे आहे. चालुक्यांच्या उत्तरकाळातले हे काम. भिंतीवर देवांच्या बरोबरीने शस्त्र हाती घेतलेल्या स्त्रियाही कोरल्या आहेत. माझ्या धाकटीने तिथे बराच वेळ लावला. पण त्या दिवसाची खरी कमाई म्हणजे गावाबाहेरची खजाना विहीर. मूर्तझा निजामशहाच्या अमदानीत, सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती बांधली गेली. खजिन्यातला पैसा तिच्यावर खर्ची पडला म्हणून खजाना, असे लोक सांगतात. वरून पाहिली तर एक मोठी गोल विहीर, एवढेच. आत भुयारासारखे तीन मार्ग आहेत : दोन पाणी आणणारे आणि एक नेणारा. जमिनीच्या पोटातून पाणी यायचे आणि उतारानेच शेतांकडे जायचे. मोट नाही, पंप नाही. बालाघाटाच्या कोरड्या मुलखात, जिथे १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी अजून प्रत्येक घरात निघतात, तिथे साडेचारशे वर्षांपूर्वी कुणीतरी जमिनीचा उतार एवढा अचूक वाचला होता. हे काम कोणत्याही कपाटात मावणारे नाही. मेव्हणा म्हणाला, “आम्ही लहानपणी इथं नुसतं दगड टाकून आवाज ऐकायचो.” तेही एक प्रकारचे मोजमापच.

दुसऱ्या दिवशी अंबाजोगाई. निजामी अमलात हिचे नाव मोमिनाबाद होते. जुन्या माणसांच्या तोंडात नुसते ‘आंबा’. योगेश्वरीचे दर्शन आईंनी यथासांग घेतले. कोकणातल्या कितीतरी घराण्यांची ही कुलदेवता इतक्या लांब घाटमाथ्यापलीकडे कशी, याचे उत्तर कथेत आहे. देवीचे लग्न परळीच्या वैद्यनाथाशी ठरले होते, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी दगडाचे झाले. त्या वऱ्हाडातले हत्ती दाखवा, असा मुलांनी हट्ट धरला. तेही आहेत. शिवलेण्यात, ज्याला गावकरी हत्तीखाना म्हणतात, डोंगर कोरून केलेला मंडप आहे आणि अंगणात दगडी हत्ती उभे आहेत. इतिहासकार त्याला शैव लेणे म्हणतील आणि ते खरेच आहे. पण वऱ्हाडाची गोष्ट माहीत असलेले मूल त्या हत्तींकडे जसे पाहते तसे इतिहासकाराला पाहता येणार नाही.

अंबाजोगाईत पावलोपावली यादवकाळ भेटतो. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर इथला. बाराखांबी, म्हणजे सकलेश्वराच्या देवळाचे खांब पाहावेत. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो इथला शके ११६२ चा, म्हणजे १२४० सालचा शिलालेख. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातेच्या स्वारीत लढता लढता पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ देऊळ बांधवले आणि ते दगडावर कोरून ठेवले. आम्ही भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी तिथे होतो. लेख संस्कृतात आहे, अक्षरे आपल्याला वाचता येत नाहीत, पण सौ.ने अर्थ ऐकला आणि मेव्हण्याच्या पाठीवर उगाच एक चापट मारली. तो म्हणाला, “ताई, मला देऊळ नको. ओवाळणी परत दे.”

मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर दरीच्या अंगाला आहे. शके १११०, म्हणजे ११८८ सालचा ‘विवेकसिंधु’ त्यांचा. ते अंबाजोगाईचे की भंडाऱ्याकडच्या आंभोऱ्याचे, हा पंडितांचा जुना वाद आहे आणि तो आपल्या सुटीत मिटणार नाही. तिथली शांतता मात्र वादातीत आहे.

खरे थांबायचे ते दासोपंतांकडे. दासोपंत म्हणजे १५५१ ते १६१५ या काळातले संतकवी. गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ लिहिणारा हा माणूस कागदावर थांबला नाही. पंचीकरणाचा विषय, म्हणजे पंचमहाभूतांपासून देह आणि विश्व कसे घडले हे, त्यांनी कापडाच्या एका पासोडीवर लिहिले. पासोडी चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद असे ग्रंथांत सांगितलेले असते. दोन हातांचा एक वार, म्हणजे बारा वार. नऊवारी लुगड्याहून तीन वार अधिक, असा हिशेब आईंनी चटकन केला. मग म्हणाल्या, “एवढं लांब कापड, वाचायचं कसं? चालत चालत?” मला वाटते, आईंनी नेमके तेच सांगितले. पोथीचे पान उलटावे लागते आणि मागचे झाकले जाते. पासोडी पसरली की विश्वाची सगळी मांडणी एका नजरेच्या टप्प्यात येते. शाळेत भिंतीवर तक्ता टांगतात त्याच बुद्धीने चारशे वर्षांपूर्वी हे कापड लिहिले गेले.

दासोपंतांच्या वंशजांची थोरले आणि धाकटे अशी दोन देवघरे गावात आहेत आणि पासोडी त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या राखली. इथे बेत आखणाऱ्यांसाठी एक सूचना. देवघर हे घर आहे. तिथे तिकीट नाही आणि दाखवण्याची सक्तीही नाही. आधी निरोप पाठवून, विचारून जावे, आणि पासोडी उलगडली नाही तर रुसू नये. जुन्या कापडाला प्रत्येक घडी मोडते. चारशे वर्षे वाळवी, दमट हवा, आग आणि राजवटींची उलथापालथ यांतून ते कापड वाचले ते कुण्या खात्यामुळे नव्हे, तर ते देव्हाऱ्यात होते म्हणून. पण देव्हाऱ्यातल्या धूपदीपाने कापडाचे आयुष्य वाढत नाही, हेही तितकेच खरे. माझे मत विचाराल तर ती अंबाजोगाईबाहेर जाऊ नये. तिला लागणारी काच, हवा आणि जाणकार माणसेच अंबाजोगाईला यावीत. मुंबईच्या एखाद्या दालनात ती नुसती ‘लिखित वस्त्र, सोळावे-सतरावे शतक’ होईल. मेव्हण्याला हे पटले नाही. तो म्हणाला, “दाजी, इथं ठेवून नासली तर? मुंबईत तरी राहील.” या प्रश्नाला माझ्याजवळ चांगले उत्तर नव्हते. त्या रात्री जेवताना आम्ही दोघे बराच वेळ तेच बोलत बसलो आणि पिठले गार झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी केज, कळंब, ढोकी या रस्त्याने तेरकडे निघालो. कळंबजवळ मांजरा ओलांडली की बीड जिल्हा मागे राहतो. दिवाळीच्या सुमाराला या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, त्यांत भांडी, पाचट बांधायच्या ताडपत्र्या, शेळ्या, आणि सगळ्याच्या वर बसलेली मुले. बीडचे ऊसतोड कामगार पश्चिमेकडच्या कारखान्यांकडे निघालेले असतात. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच घराला कुलूप लागते, ते उन्हाळ्यापर्यंत. मागे राहतात म्हातारी माणसे. माझी मुले हात हलवीत होती, तिकडची मुलेही हलवीत होती.

याच मुलखातून दोन हजार वर्षांपूर्वीही गाड्यांच्या रांगा पश्चिमेकडे निघत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अज्ञात व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या बंदरांचे वर्णन लिहून ठेवले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते ओळखले जाते. त्यात पैठण आहे आणि पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर आहे. तगरहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मोठ्या प्रदेशातून, भडोचच्या बंदराला जात असे. हे तगर कुठले यावर पंडितांनी बराच काळ तर्क चालवले. १९०१ साली फ्लीटने ते म्हणजे तेर असे मांडले आणि हेन्री कझिन्सने त्याच सुमारास गावातल्या जुन्या वास्तूंची पाहणी केली. तेव्हा इथून कापड जाई. आता माणसे जातात.

गावात शिरताना उंच टेकाडे दिसतात. खेड्यातली माणसे जमिनीचे दोन भाग करतात : काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे पडून, राख आणि शेण मिसळून माती पांढुरकी होते. तेरची पांढर ही अशी वस्तीवर वस्ती चढून झालेली आहे. दर पावसाळ्यात तिचा थर थोडा धुपतो आणि मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या बाहुल्या उघड्या पडतात. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्या खेळायला नेल्या आणि हरवल्या. तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या गोळा करायला सुरुवात केली. ते काही सरकारी खात्याचे नव्हते. एकेक वस्तू जमवीत त्यांनी हजारोंचा संग्रह केला. पुढे तो शासनाकडे आला आणि त्यांच्याच नावाने संग्रहालय झाले. खुद्द पांढरीत १९५८ साली आणि पुढेही रीतसर उत्खनने झाली. पण ती व्हायच्या आत जे वाहून गेले असते, त्यातले बरेचसे एका माणसाच्या छंदाने थांबवले. बीड जिल्ह्यातल्या जुन्या गावांनाही पांढरी आहेत. तिथे असे कुणी भेटले असते तर, असे दिवसभर माझ्या मनात येत राहिले.

संग्रहालय मोठे नाही आणि हाच त्याचा गुण. मुले दमण्याआधी ते संपते. बायकांच्या नजरेने पाहावे, असा माझा सल्ला. मी राजांच्या नाण्यांकडे वळलो तोवर सौ. आणि आई मण्यांच्या कपाटापाशी खिळल्या होत्या. अकीक, काच, शंख, माती; भोके एवढी बारीक की आजच्या सुईला दोरा ओवताना लाज वाटावी. हस्तिदंती फण्या, बांगड्या, कानांतली मातीची भूषणे. मातीच्या बाहुल्या तर दोन साच्यांत काढून जोडलेल्या, आतून पोकळ, पांढऱ्या मातीच्या. त्यांची केशरचना पाहून धाकटीने आपल्या वेणीला हात लावला. रोमन नाण्यांच्या नकला मातीत उठवून गळ्यात घालायची हौस त्या काळीही होती. परदेशी वस्तूंची भुरळ आजची नाही.

सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती. इटलीत व्हेसुव्हियसच्या उद्रेकाने सन ७९ मध्ये पाँपेई शहर राखेखाली गाडले गेले. तिथे १९३८ साली एका घरात भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरची मूर्ती आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनची मूर्ती या तिच्याच गोतातल्या दिसतात. त्यामुळे पाँपेईची ती बाई मूळची आपल्याच मुलखातली असावी, असे कित्येक अभ्यासक मानतात. मी हे मुलांना सांगितले तेव्हा थोरल्याने विचारले, “मग ती तिकडे गेली कशी?” मेव्हणा म्हणाला, “गाडीत बसून. वाटेत पाहिल्यास ना, तशी.”

लाकडी काम पाहायचे विसरू नये. उत्तरेश्वराच्या देवळाची जुनी कोरीव लाकडी चौकट इथे आणून ठेवली आहे. आपल्या हवेत इतके जुने लाकूड टिकलेले क्वचित दिसते. त्यानंतर गावातल्या त्रिविक्रमाच्या देवळात जावे. मागची बाजू अर्धगोल, छप्पर हत्तीच्या पाठीसारखे. विटांचे असे प्राचीन चैत्य देशात फार थोडे उरले. आत आज विष्णूची पूजा चालते. आणि गोरोबाकाकांच्या देवळात तर गेलेच पाहिजे. संतांच्या मेळ्यात डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे आहे ते सांगणारा गोरा कुंभार याच गावचा. त्याच्या आधी हजार वर्षे याच मातीत कुंभारांनी त्या पोकळ बाहुल्या केल्या होत्या. संग्रहालय पाहून मग गोरोबाकाकांकडे गेले की ही दोन टोके आपोआप जुळतात. आईंना वस्तुसंग्रहालय देवदर्शनात बसले याचे समाधान वाटले.

आता चार व्यावहारिक गोष्टी. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, आणि दिवाळीत आणखी सुट्या पडतात. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. तेरला सकाळी लवकर पोचावे, कारण पांढरीवर दुपारी सावली नाही. डबा बरोबर असावा. पांढरीवर मुलांनी काही उचलले तर ते खिशात घालून घरी आणू नये, तिथेच संग्रहालयात द्यावे. हे मुलांना आधी सांगून ठेवावे, नंतर सांगितले की रडारड होते. आमच्या धाकटीला बांगडीचा एक तुकडा सापडला होता. तो तिने तिथल्या माणसाच्या हातावर ठेवला, पण आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिला आणि म्हणाली, “मला बसली असती.”

परतीला येडशीवरून सोलापूर-बीड हमरस्ता धरला. येरमाळ्याच्या येडेश्वरीला गाडीतूनच हात जोडले. तेरखेड्याला फटाक्यांचे कारखाने आहेत. तिथे मुलांनी दिवाळी संपल्यावरही फुलबाज्या मागितल्या आणि मामाने दिल्या. सरमकुंडी फाट्यावर कुंथलगिरीचे पेढे घेतले, मांजरसुंब्याचा घाट उतरलो आणि दिवेलागणीला बीडला पोचलो. जेवताना पुढच्या वर्षीचा बेत निघाला. पैठणलाही असेच एक संग्रहालय आहे, बाळासाहेब पाटील यांच्या नावाचे. आईंनी ताबडतोब अट घातली, नाथांचे दर्शन आधी. या वेळी मुलांचेही मत विचारले. धाकटी म्हणाली, तिथेही पांढर असेल तर येते.